फेलिक्स क्लाइन

फेलिक्स क्रिश्चन क्लाइन (जन्म : २५ एप्रिल १८४९, ड्युसेलडॉर्फ, मृत्यू : २२ जून १९२५, ग्योटिंगेन) हे जर्मन गणितज्ञ, अध्यापक आणि गणितशिक्षणाचे संघटक होते. एखाद्या रूपांतरण-गटाखाली आकृत्यांचे जे गुणधर्म बदलत नाहीत त्यांचा अभ्यास म्हणजे भूमिती, ही व्याख्या त्यांनी १८७२ मध्ये मांडली. ती 'एर्लांगेन कार्यक्रम' या नावाने ओळखली जाते. शाळेत शिकवली जाणारी एकरूपता व समरूपता या संकल्पनांचा परस्परसंबंध या व्याख्येमुळे स्पष्ट झाला. आयुष्याच्या उत्तरार्धात क्लाइन यांनी शालेय व विद्यापीठीय गणित यांच्यातील दरी बुजवण्यासाठी मोठे कार्य केले. क्लाइनचे बाटलीपृष्ठ, विंशतिफलकावरील ग्रंथ आणि ग्योटिंगेन विद्यापीठाला जगातील अग्रगण्य गणितकेंद्र बनवणे, ही त्यांची इतर ठळक कामे होत.

== प्रारंभिक जीवन व शिक्षण ==

क्लाइन यांचा जन्म प्रशियाच्या ऱ्हाइन प्रांतात झाला. त्यांचे वडील कास्पार क्लाइन हे प्रशियन शासनाच्या सेवेत अधिकारी होते. जन्मतारखेतील दिवस, महिना व वर्ष या तिन्ही संख्या मूळ संख्यांचे वर्ग आहेत (५ चा वर्ग २५, २ चा वर्ग ४ आणि ४३ चा वर्ग १८४९), ही गंमत त्यांच्या बहुतेक चरित्रांत आवर्जून नोंदवली जाते. ड्युसेलडॉर्फच्या गिम्नाझियुममध्ये त्यांचे शालेय शिक्षण झाले. तेथील अभ्यासक्रमात लॅटिन व ग्रीक या अभिजात भाषांचे प्राबल्य होते. विज्ञानाला दुय्यम स्थान देणाऱ्या या शिक्षणाविषयी त्यांच्या मनात असमाधान राहिले आणि पुढे शालेय सुधारणांत त्यांनी घेतलेल्या पुढाकाराचे एक मूळ या अनुभवात सापडते.

१८६५ मध्ये ते बॉन विद्यापीठात दाखल झाले. त्यांना भौतिकशास्त्रज्ञ व्हायचे होते. ज्यूलियस प्ल्यूकर यांच्याकडे त्या वेळी प्रायोगिक भौतिकीचे व गणिताचे अशी दोन्ही अध्यासने होती आणि क्लाइन लवकरच त्यांचे प्रयोगशाळा-साहाय्यक झाले. मात्र तोवर प्ल्यूकर यांचे लक्ष पुन्हा भूमितीकडे वळले होते. बिंदूऐवजी सरळ रेषा हाच अवकाशाचा मूळ घटक मानून उभारलेल्या 'रेषा-भूमिती'वर ते ग्रंथ लिहीत होते. मे १८६८ मध्ये त्यांचे निधन झाले आणि अपुरा राहिलेला ग्रंथ पूर्ण करण्याचे काम एकोणीस वर्षांच्या क्लाइन यांच्यावर आले. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. या कामामुळे त्यांचा परिचय ग्योटिंगेनचे आल्फ्रेड क्लेब्श यांच्याशी झाला. पुढील काही वर्षे क्लेब्श हेच त्यांचे पाठीराखे होते.

== बर्लिन, पॅरिस आणि सोफुस ली ==

१८६९-७० च्या हिवाळ्यात क्लाइन बर्लिनला गेले. तेथे त्यांची भेट सोफुस ली या नॉर्वेजियन तरुण गणितज्ञाशी झाली. दोघांनाही प्ल्यूकर यांच्या भूमितीची ओढ होती. बर्लिनचे वातावरण त्यांना फारसे मानवले नाही. तेथे कार्ल वायरस्ट्रास यांच्या काटेकोर विश्लेषणाचा दबदबा होता. वायरस्ट्रास यांच्या परिसंवादात क्लाइन यांनी आर्थर केली यांच्या अंतरमापनाच्या पद्धतीविषयी व्याख्यान दिले आणि या पद्धतीचा अयूक्लिडीय भूमितीशी संबंध असावा असे सुचवले. वायरस्ट्रास यांनी ही कल्पना मान्य केली नाही. पुढे ती बरोबर ठरली.

१८७० च्या वसंतात दोघे मित्र पॅरिसला गेले. कामीय जॉर्दां यांचा क्रमचयांच्या गटांवरील मोठा ग्रंथ त्याच वर्षी प्रसिद्ध झाला होता. बीजगणितीय समीकरणांच्या अभ्यासात जन्मलेली 'गट' ही कल्पना भूमितीतही कामी येईल, ही जाणीव दोघांना तेथे झाली. एका रूपांतरणानंतर दुसरे केले तर मिळणारे रूपांतरण त्याच संचात असावे आणि प्रत्येक रूपांतरण उलटवता यावे, एवढी माफक अट पाळणारा संच म्हणजे रूपांतरण-गट होय. उदाहरणार्थ, आकृती ३० अंशांनी फिरवून मग ४० अंशांनी फिरवली तर ती ७० अंशांनी फिरते आणि उलट दिशेने तितकीच फिरवली की पूर्ववत होते.

जुलै १८७० मध्ये फ्रान्स व प्रशिया यांच्यात युद्ध सुरू झाले आणि क्लाइन यांना तातडीने मायदेशी परतावे लागले. त्यांनी काही काळ लष्कराच्या वैद्यकीय सेवेत काम केले आणि आजारी पडून ते घरी आले. ली मागे राहिले व पायी प्रवास करत असताना फोंतेनब्लो येथे हेर समजून पकडले गेले. त्यांच्याजवळचे गणिताचे कागद सांकेतिक मजकूर म्हणून संशयास्पद ठरले होते. गास्तों दार्बू यांनी रदबदली करून त्यांची सुटका केली.

== अयूक्लिडीय भूमिती आणि समरूपतेचा प्रश्न ==

१८७१ मध्ये क्लाइन ग्योटिंगेन येथे व्याख्याते झाले. त्याच वर्षी त्यांनी अयूक्लिडीय भूमितीवरील निबंध प्रसिद्ध केला. केली यांनी १८५९ मध्ये एका स्थिर शांकवाच्या आधारे अंतर मोजण्याची पद्धत दिली होती. तो शांकव योग्य प्रकारे निवडला की बोल्याई आणि लोबाचेव्हस्की यांची भूमिती मिळते, असे क्लाइन यांनी दाखवले. वर्तुळाच्या आतला भाग हेच सारे प्रतल आणि त्याच्या जीवा याच सरळ रेषा मानल्या की समांतर रेषांचे यूक्लिडचे गृहीतक सोडून बाकी सर्व गृहीतके पाळली जातात. त्यामुळे यूक्लिडीय भूमिती विसंगतिमुक्त असेल तर ही भूमितीही तशीच असली पाहिजे. 'अपास्तीय', 'विवृत्तीय' व 'अन्वस्तीय' भूमिती ही नावेही क्लाइन यांनीच रूढ केली.

हा प्रश्न वरवर शाळेपासून दूरचा वाटतो, परंतु समरूप आकृत्यांचे अस्तित्वच त्याच्याशी बांधलेले आहे. ऑक्सफर्डचे जॉन वॉलिस यांनी १६६३ मध्ये दाखवले होते की, कोणत्याही आकृतीची हव्या त्या आकारमानाची समरूप आकृती काढता येते असे मानले, तर समांतर रेषांचे गृहीतक सिद्ध करता येते. याचा अर्थ असा की, एक गृहीतक सोडून वॉलिस यांनी त्याच्याच तोलाचे दुसरे स्वीकारले होते. अपास्तीय भूमितीत त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंशांहून कमी भरते आणि जितकी तूट अधिक तितके क्षेत्रफळ अधिक असते. त्यामुळे दोन त्रिकोणांचे तिन्ही कोन सारखे असतील तर त्यांच्या बाजूही सारख्याच असतात. दहावीच्या विद्यार्थ्यांना परिचित असलेली कोकोको कसोटी तेथे समरूपतेची न राहता एकरूपतेची कसोटी होते. लहान आकृतीचे हुबेहूब मोठे चित्र काढणे त्या भूमितीत शक्य नसते. नकाशे, आराखडे व छायाचित्रे ज्या गुणधर्मावर उभी आहेत तो तर्काची अपरिहार्य देणगी नसून यूक्लिडीय अवकाशाचे खास वैशिष्ट्य आहे, ही बाब या संशोधनाने ठळक झाली.

== एर्लांगेन कार्यक्रम ==

क्लेब्श यांच्या शिफारशीवरून १८७२ च्या शरद ऋतूत, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, क्लाइन बव्हेरियातील एर्लांगेन विद्यापीठात पूर्ण प्राध्यापक झाले. तेथे गणिताचे विद्यार्थी मोजकेच होते. नव्या प्राध्यापकाने आपल्या संशोधनाचा आराखडा छापून विद्यापीठाला सादर करावा, या प्रथेनुसार त्यांनी आधुनिक भूमितीय संशोधनांचा तौलनिक विचार करणारी एक पुस्तिका लिहिली. हाच एर्लांगेन कार्यक्रम. क्लाइन यांनी तो पदग्रहणाच्या भाषणात वाचला अशी समजूत बरीच पसरली आहे, पण ती चुकीची आहे. ७ डिसेंबर १८७२ रोजी त्यांनी जे भाषण केले त्याचा विषय गणिताचे शिक्षण हा होता. मानव्यविद्या आणि विज्ञान यांची शिक्षणात झालेली फारकत त्यांना धोक्याची वाटत होती. संशोधन व शिक्षण या दोन्ही चिंता त्यांच्या कारकिर्दीच्या पहिल्याच वर्षी अशा रीतीने शेजारी-शेजारी आढळतात.

त्या काळी भूमितीच्या अनेक शाखा एकमेकींपासून सुट्या पडल्या होत्या. यूक्लिडीय, प्रक्षेपीय, अयूक्लिडीय, रेषा-भूमिती, वर्तुळांची भूमिती अशा शाखांची भाषा व पद्धती वेगवेगळ्या होत्या. क्लाइन यांनी त्या सर्वांना एकच प्रश्न लावला : कोणत्या रूपांतरणांनंतर दोन आकृत्या 'सारख्याच' मानायच्या? या प्रश्नाचे उत्तर म्हणून जो गट निवडला जातो तो ती भूमिती ठरवतो.

शाळेतील भूमितीसाठी क्लाइन यांनी निवडलेला गट लक्षणीय आहे. त्याला त्यांनी 'मुख्य गट' म्हटले. त्यात आकृती सरकवणे, फिरवणे व आरशातील प्रतिमेप्रमाणे परावर्तित करणे यांच्या जोडीला एका स्थिर बिंदूपासूनची सर्व अंतरे एकाच पटीने वाढवणे किंवा कमी करणे हेही येते. म्हणजे मुख्य गट हा एकरूपतेचा नसून समरूपतेचा आहे. आकृतीचे स्थान, तिचे आकारमान आणि तिचा उजवा-डावेपणा यांवर अवलंबून नसलेले गुणधर्मच भूमितीय होत, अशी ही भूमिका आहे. एखादी बाजू ५ सेंटिमीटर आहे हे विधान या दृष्टीने भूमितीचे नव्हे, कारण सेंटिमीटर हे एकक माणसाने बाहेरून आणलेले आहे. एक बाजू दुसरीच्या दुप्पट आहे, दोन रेषा काटकोनात छेदतात, त्रिकोणाच्या तिन्ही मध्यगा एका बिंदूतून जातात, ही विधाने मात्र आकृती कितीही मोठी केली तरी टिकतात. यूक्लिडच्या ग्रंथातही कोठे मोजपट्टीची एकके नाहीत, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

एकाच चौरसाकडे वेगवेगळ्या गटांतून पाहिले की या विचाराचे स्वरूप स्पष्ट होते. केवळ सरकवणे, फिरवणे व परावर्तन एवढेच मान्य असेल तर दिलेल्या चौरसाशी तेवढ्याच बाजूचे चौरस जुळतात. प्रमाणात मोठे-लहान करण्याची मुभा दिली की जगातील सर्व चौरस एक होतात. समांतर रेषा समांतर ठेवून आकृती तिरपी ओढण्याची किंवा एकाच दिशेने ताणण्याची परवानगी दिली की प्रत्येक समांतरभुज चौकोन चौरसाच्या पंक्तीला येऊन बसतो. कोन आणि बाजूंची समानता तेव्हा अर्थहीन ठरते, कर्ण परस्परांना दुभागतात हे मात्र टिकून राहते. शेवटी प्रक्षेपीय रूपांतरणांना वाव दिला, म्हणजे एका बिंदूतून पडणारी सावली कोणत्याही तिरप्या पडद्यावर घेतली, तर तीन शिरोबिंदू एका रेषेत नसलेला कोणताही चौकोन चौरसापासून मिळवता येतो. गट मोठा होत जातो तसतसे टिकणारे गुणधर्म कमी होतात आणि जे टिकतात ते अधिक मूलभूत असतात.

समरूप बहुभुजांच्या शालेय व्याख्येत दोन अटी का लागतात, हेही यातून उलगडते. चौरस आणि आयत यांचे सर्व कोन सारखे असतात, तरी ते समरूप नसतात. चौरस व समभुज चौकोन यांच्या बाजू प्रमाणात असतात, तरी तेही समरूप नसतात. त्रिकोण ताठ असल्यामुळे त्याच्या बाबतीत एक अट पूर्ण झाली की दुसरी आपोआप होते, आणि त्रिकोणावरच सर्व भर देणाऱ्या अध्यापनात हा फरक नजरेआड होतो. रूपांतरणाच्या भाषेत दोन अटींची गरज उरत नाही. मुख्य गटातील एखाद्या रूपांतरणाने पहिली आकृती दुसरीवर नेता आली की त्या समरूप होत. अंतरांचे प्रमाण 'क' असेल तर क्षेत्रफळांचे प्रमाण 'क' चा वर्ग असते, हा नियमही मग त्रिकोण, बहुभुज आणि वक्राकृती अशा सर्वांना एकदमच लागू होतो. बाजू व कोन नसलेल्या आकृत्यांसाठी जुनी व्याख्या मुळातच अपुरी पडते. सर्व वर्तुळे परस्परांशी समरूप असतात आणि सर्व अन्वस्तेही असतात, परंतु सर्व लंबवर्तुळे नसतात, हे केवळ बाजूंच्या गुणोत्तरांच्या भाषेत सांगता येत नाही.

समरूपतेचे दैनंदिन वापरातील एक नेटके उदाहरण क्लाइन यांच्या हयातीतच, १९२२ मध्ये, जर्मनीत प्रमाणित झाले, जरी त्यात त्यांचा हात नव्हता. आज जगभर वापरला जाणारा ए-४ कागद २१० मिलिमीटर रुंद व २९७ मिलिमीटर लांब असतो. त्याची लांबी रुंदीच्या √२ पट ठेवलेली आहे. असा कागद मधोमध दुमडला की मिळणारा अर्धा आयत मूळ आयताशी समरूप राहतो. हा गुण असलेले दुसरे कोणतेही गुणोत्तर नाही.

एर्लांगेन कार्यक्रमाचा तत्काळ प्रभाव फारसा पडला नाही. पुस्तिका थोड्याच लोकांपर्यंत पोहोचली. १८९० नंतर तिची इटालियन, फ्रेंच व इंग्रजी भाषांतरे झाली आणि १८९३ मध्ये 'माथेमाटिशे आनालेन' या नियतकालिकाने ती पुन्हा छापली. दरम्यानच्या काळात रूपांतरण-गटांचा सखोल सिद्धांत प्रत्यक्षात ली यांनी उभारला होता. त्यामुळे श्रेयाचा प्रश्न निर्माण झाला. १८९३ मध्ये ली यांनी आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडाच्या प्रस्तावनेत, आपण क्लाइन यांचे शिष्य नाही असे जाहीरपणे सांगितले आणि जुन्या मैत्रीत कटुता आली. गणितेतिहासाच्या अलीकडच्या अभ्यासकांनीही पुस्तिकेचा सुरुवातीचा प्रभाव नंतरच्या कीर्तीच्या मानाने बराच कमी होता असे दाखवून दिले आहे. क्लाइन यांचे योगदान नवी प्रमेये सिद्ध करण्यापेक्षा विखुरलेल्या प्रमेयांना एक चौकट देण्याचे होते, आणि चौकटीचे मोल ओळखायला काळ जावा लागला.

== म्युनिक, लाइपझिग आणि प्रकृतीचा आघात ==

१८७५ मध्ये क्लाइन म्युनिकच्या तांत्रिक महाविद्यालयात गेले. त्याच वर्षी त्यांचा विवाह तत्त्वज्ञ हेगेल यांच्या नातीशी, आना हेगेल यांच्याशी झाला. म्युनिक येथे सहकारी आलेक्झांडर ब्रिल यांच्यासोबत त्यांनी भूमितीय प्रतिकृतींची कार्यशाळा चालवली. प्लास्टर व दोऱ्यांच्या या प्रतिकृती पुढे अनेक विद्यापीठांनी विकत घेतल्या. पृष्ठ डोळ्यांनी पाहावे, हातांनी चाचपावे आणि मगच त्याचे समीकरण मांडावे, असा क्लाइन यांचा कल होता.

१८८० मध्ये ते लाइपझिग येथे भूमितीचे प्राध्यापक झाले. १८८२ च्या ग्रंथात त्यांनी आत-बाहेर असा भेद नसलेल्या, एकाच बाजूच्या बंद पृष्ठाचे वर्णन केले. तेच पुढे क्लाइनची बाटली म्हणून प्रसिद्ध झाले. याच सुमारास फ्रान्समधील तरुण गणितज्ञ आंरी पॉंकारे हे नव्या प्रकारच्या फलनांवर झपाट्याने लेख प्रसिद्ध करू लागले. ही फलने अपास्तीय प्रतलातील बहुभुजांच्या फरशीसारख्या रचनेशी निगडित होती आणि क्लाइनही त्याच मार्गावर होते. १८८१-८२ मध्ये दोघांत पत्रव्यवहार झाला. पत्रांची भाषा सौजन्याची असली तरी स्पर्धा तीव्र होती. क्लाइन यांनी स्वतःला इतके ताणले की १८८२ च्या शरद ऋतूत त्यांची प्रकृती पूर्णपणे ढासळली. त्यानंतर दीर्घकाळ त्यांना नैराश्याने ग्रासले. या आघातानंतर आपली सर्जनशील संशोधनाची उमेद संपली असे ते स्वतः मानत. तेव्हा त्यांचे वय अवघे तेहतीस होते.

१८८४ मध्ये प्रसिद्ध झालेला विंशतिफलकावरील ग्रंथ हा या कालखंडाचा शेवटचा मोठा टप्पा होय. वीस समभुज त्रिकोणांनी बनलेली ही घनाकृती ६० प्रकारे स्वतःवरच फिरवून बसवता येते. या ६० घूर्णनांच्या गटाचा पाचव्या घाताच्या समीकरणाशी असलेला संबंध क्लाइन यांनी या ग्रंथात उलगडला.

== ग्योटिंगेन ==

१८८६ मध्ये क्लाइन ग्योटिंगेनला परतले आणि १९१३ मधील निवृत्तीपर्यंत तेथेच राहिले. संशोधकापेक्षा संघटक म्हणून त्यांचे कर्तृत्व आता पुढे आले. त्यांच्या प्रयत्नांनी १८९५ मध्ये डेव्हिड हिल्बर्ट व १९०२ मध्ये हेर्मान मिंकोव्हस्की ग्योटिंगेनला आले. उपयोजित गणितासाठी कार्ल रुंगे आणि द्रवगतिकीसाठी लुडविग प्रांटल यांच्या नेमणुका झाल्या. वाचनालय, प्रतिकृतिसंग्रह, उद्योगपतींच्या देणग्या आणि गणिताच्या विश्वकोशाचा प्रचंड प्रकल्प या सर्वांमागे त्यांचा हात होता. प्रशियात स्त्रियांना विद्यापीठप्रवेश नसताना १८९३ मध्ये त्यांनी परदेशी विद्यार्थिनींना वर्गात घेतले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली ग्रेस चिझम यांनी १८९५ मध्ये डॉक्टरेट मिळवली. १९१५ मध्ये हिल्बर्ट व क्लाइन यांनी एमी न्योटर यांना ग्योटिंगेनला बोलावले. भौतिकीतील अक्षय्यतेचे नियम आणि रूपांतरणांखालील अविकारिता यांचा संबंध जोडणारा न्योटर यांचा १९१८ मधील प्रसिद्ध निबंध क्लाइन यांच्या डॉक्टरेटच्या पन्नासाव्या वर्षानिमित्त त्यांना अर्पण केलेला आहे.

क्लाइन यांच्या चरित्राची दुसरी बाजूही आहे. १८९३ मध्ये अमेरिकेत दिलेल्या व्याख्यानांत त्यांनी गणिती अंतःप्रज्ञेचा संबंध वंशाशी जोडणारी विधाने केली होती. न्योटर, मिंकोव्हस्की व हुर्विट्झ अशा ज्यू गणितज्ञांना त्यांनी स्वतः पाठबळ दिले असले, तरी नाझी काळात लुडविग बीबरबाख यांनी त्यांच्या विधानांचा आधार वंशवादी प्रचारासाठी घेतला. १९१४ मध्ये जर्मन युद्धधोरणाचे समर्थन करणाऱ्या ९३ विद्वानांच्या जाहीरनाम्यावर क्लाइन यांची सही होती. हिल्बर्ट यांनी ती करण्यास नकार दिला होता. या सहीमुळे पॅरिसच्या विज्ञान अकादमीने क्लाइन यांचे सदस्यत्व रद्द केले.

== शालेय गणिताची सुधारणा ==

भावी शिक्षकाची दुहेरी अडचण क्लाइन यांनी नेमकी हेरली होती. विद्यापीठात आल्यावर त्याला शाळेचे गणित विसरावे लागे आणि शिक्षक म्हणून शाळेत परतल्यावर विद्यापीठाचे गणित निरुपयोगी वाटून तो जुन्याच पद्धतीने शिकवू लागे. यावर उपाय म्हणून त्यांनी शिक्षकांसाठी खास व्याख्याने दिली. 'उच्च दृष्टिकोनातून प्राथमिक गणित' या ग्रंथाचा पहिला खंड १९०८ मध्ये, तर भूमितीवरील दुसरा खंड १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्या खंडाचा मध्यवर्ती भाग भूमितीय रूपांतरणांना वाहिलेला आहे. यूक्लिडचा ग्रंथ मुलांसाठी लिहिलेला नव्हता आणि त्याला शालेय पाठ्यपुस्तक मानणे चूक आहे, अशी भूमिकाही त्यांनी त्यात मांडली.

१९०५ मध्ये जर्मन निसर्गशास्त्रज्ञ व वैद्यांच्या संघटनेच्या समितीने मेरान येथे अभ्यासक्रमाच्या सूचना मांडल्या. त्यांमागे क्लाइन यांची प्रेरणा होती. अवकाशाची जाण वाढवणे आणि फलनात्मक विचाराची सवय लावणे ही त्या सूचनांची दोन मुख्य सूत्रे होती. भूमितीत याचा अर्थ असा की, आकृती गोठलेली न मानता ती बदलती मानावी. त्रिकोणाचा एक शिरोबिंदू सरकवला तर काय बदलते आणि काय टिकते, हे विद्यार्थ्याने पाहावे. १९०८ मध्ये रोम येथील आंतरराष्ट्रीय गणित परिषदेत गणितशिक्षणाचा आंतरराष्ट्रीय आयोग स्थापन झाला आणि क्लाइन त्याचे पहिले अध्यक्ष झाले. पहिल्या महायुद्धाने या सहकार्याची घडी विस्कटली.

शाळेत गटसिद्धांताची अमूर्त मांडणी शिकवावी असे मात्र क्लाइन यांचे मत नव्हते. मुलाने प्रथम पाहावे, हाताळावे, काढावे आणि तर्काची काटेकोर मांडणी हळूहळू यावी, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या नावाने पुढे झालेल्या काही सुधारणांत नेमका हाच भाग गळला.

== अखेरची वर्षे व सन्मान ==

प्रकृतीच्या कारणास्तव १९१३ मध्ये निवृत्त झाल्यावरही क्लाइन युद्धकाळात घरी व्याख्याने देत. एकोणिसाव्या शतकातील गणिताच्या विकासावरील ही व्याख्याने त्यांच्या निधनानंतर ग्रंथरूपाने आली. त्यांना १८९३ मध्ये लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीचे डी मॉर्गन पदक आणि १९१२ मध्ये रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक मिळाले. २२ जून १९२५ रोजी ग्योटिंगेन येथे त्यांचे निधन झाले. गणितशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगातर्फे २००३ पासून त्यांच्या नावाने पदक दिले जाते.

== शालेय भूमितीवरील नंतरचा परिणाम ==

दुसऱ्या महायुद्धानंतर रूपांतरणांवर आधारित भूमिती अनेक देशांच्या शाळांत आली. सोव्हिएत संघात इसाक याग्लोम यांनी भूमितीय रूपांतरणांवर लिहिलेल्या पुस्तकांपैकी दुसरे समरूपतेवर आहे. १९६० च्या दशकातील 'नव्या गणिता'च्या चळवळीत संच व गट यांची परिभाषा थेट मुलांसमोर ठेवली गेली. सोव्हिएत संघात आंद्रेई कोल्मोगोरोव्ह यांच्या पुढाकाराने झालेल्या सुधारणेवरही क्लिष्टतेची टीका झाली आणि ती बरीचशी मागे घ्यावी लागली. २०१० मध्ये अमेरिकेतील अनेक राज्यांनी स्वीकारलेल्या सामाईक मानकांत आठवीच्या स्तरावर समरूपतेची व्याख्या रूपांतरणांच्या आधारेच केलेली आहे. घूर्णन, परावर्तन, स्थानांतरण व प्रमाणबद्ध विस्तार यांच्या क्रमाने एका आकृतीपासून दुसरी मिळाली तर त्या समरूप होत, असे ती व्याख्या सांगते. हा क्लाइन यांचा मुख्य गटच होय, फक्त त्याचे नाव न घेता.

महाराष्ट्र राज्याच्या दहावीच्या गणित भाग २ या पाठ्यपुस्तकात समरूपता हे पहिलेच प्रकरण आहे. तेथे व्याख्या जुन्या पद्धतीची, म्हणजे संगत कोन एकरूप व संगत बाजू प्रमाणात अशी आहे आणि कोकोको, बाकोबा व बाबाबा या कसोट्यांवर भर आहे. मात्र त्याच पुस्तकातील भौमितिक रचनांच्या प्रकरणात, दिलेल्या त्रिकोणाशी समरूप असा त्रिकोण एक शिरोबिंदू सामाईक ठेवून काढण्याची रचना येते. त्या शिरोबिंदूतून जाणाऱ्या दोन बाजूंवरील अंतरे दिलेल्या गुणोत्तरात वाढवली वा कमी केली जातात आणि तिसरी बाजू मूळ बाजूला समांतर काढली जाते. सामाईक शिरोबिंदू हा येथे रूपांतरणाचा केंद्रबिंदू असतो.